उणिवेचा खण दुसऱ्यानं भरायचा

मी खोली बघायला गेले होते, आणि घरमालक माझ्याकडे बघून कागदावर काहीतरी लिहीत होते.

बँकेनं मला साताऱ्याहून उचलून थेट कोलकात्याला टाकलं, त्याला महिनाही झाला नव्हता. गेस्ट हाऊसमधले दिवस संपत आले होते. भवानीपुरात एका मराठी कुटुंबाकडे वरची खोली भाड्यानं मिळेल असं शाखेतल्या कुणीतरी सांगितलं, म्हणून रविवारी सकाळी पत्ता शोधत गेले. दार घरमालकीण काकूंनी उघडलं. आत जेवणाच्या टेबलापाशी साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. उंच, सडसडीत, पांढरा झब्बा, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं, नाव-गाव विचारलं, एक कोरा कागद पुढ्यात ओढला, त्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली आणि झालेल्या चार खणांत भराभर लिहायला लागले. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी कागद हातात धरून मोठ्यानं वाचला.

“बळ: सरकारी बँकेत नोकरी, आवाज हळू. उणीव: चपला दारात सरळ काढल्या नाहीत. संधी: घरात मराठी बोलायला एक माणूस वाढेल. धोका: बदली. तीन वर्षांत जाणार.”

मला हसावं की उठून जावं कळेना. त्यांनी दुसरा कागद माझ्याकडे सरकवला, पेन दिलं आणि म्हणाले, “आता तू आमच्या घराचे खण भर. उणीव लपवू नकोस.”

मी भीत भीत लिहिलं, ‘जिना अंधारा आहे.’ त्यांनी वाचलं, मान हलवली आणि त्याच दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावून जिन्यात दिवा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी मी राहायला गेले. त्यांनी तीन वर्षं लिहिली होती, मी सहा वर्षं राहिले.

ह्या घरमालकांचा, म्हणजे काकांचा, जन्म कोलकात्याचा. त्यांचे आजोबा नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. काकांचं मराठी आपल्यासारखंच होतं, फक्त काही मोजायची वेळ आली की ते बंगालीत मोजत. काकू नागपूरच्या, त्यामुळे घरात मराठी टिकलं होतं. मुलगी बंगळुरूला, ती फोनवर मराठीत सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत जायची. नदीपलीकडे, हावड्यात, काकांचा लहानसा कारखाना होता. जहाजांच्या आणि लाँचच्या केबिनना लागणाऱ्या पितळी बिजागऱ्या, खिट्ट्या, हूक तिथे तयार व्हायचे आणि खिदिरपूरला जहाजांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत जायचे. एक भट्टी, दोन लेथ आणि सात कामगार.

हे चार खण त्यांच्या आयुष्यात पंचेचाळिशीत आले. लहान कारखानदारांसाठी कुणीतरी एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. “मी गेलो होतो तो दुपारच्या जेवणासाठी,” असं ते स्वतःच सांगत. जेवणानंतर सगळे पेंगत असताना एका तरुण प्रशिक्षकानं फळ्यावर भलंमोठं अधिकचं चिन्ह काढलं आणि स्वॉट अ‍ॅनालिसिस शिकवलं. आपलं बळ कशात, उणीव कुठे, बाहेर संधी कोणती आणि धोका कशाचा. चार खण भरा, मग निर्णय घ्या. बाकीचे लोक फाइल घेऊन घरी गेले आणि विसरले. काकांना मात्र वाटलं की पंचेचाळीस वर्षं आपण नुसतेच चालत आलो, कुणी आपल्याला नकाशा दिलाच नव्हता. त्यांनी त्याला स्वॉट कधीच म्हटलं नाही. त्यांच्या लेखी ते ‘चार खण’.

शिबिरात न शिकवलेले तीन नियम त्यांनी स्वतःचे घातले होते. पहिला, लिहायचं पेननं. खोडलेलं दिसलं पाहिजे, कारण माणूस जे लिहून खोडतो तेच बहुतेक खरं असतं. दुसरा, उणिवेचा खण ज्याचा त्यानं भरायचा नाही. तो आपल्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून भरून घ्यायचा. आणि तिसरा, चारही खण भरले की लगेच निर्णय घ्यायचा नाही. आधी आंघोळ करायची. डोक्यावरून पाणी गेल्याशिवाय कागद पुन्हा वाचायचा नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी भर दुपारी बाथरूममधून बादलीचा आवाज आला की काकू मला जिन्यातून ओरडून सांगत, “काहीतरी ठरतंय गं!”

ठरण्यासारखं काय काय असायचं! बाजारात इलिश घ्यायचा झाला तर मासेवाल्यासमोर खिशातून कागद निघायचा. मासेवाला त्यांना इतका ओळखत होता की तोच उणिवेचा खण तोंडी सांगायचा, “बाबू, आज काटे जास्त आहेत, पुढच्या हप्त्यात या.” नदीखालून मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळं शहर कौतुकानं हावड्याला जाऊन आलं. काकाही गेले, परत येऊन कागद घेऊन बसले. बळाच्या खणात पाच ओळी, संधीत तीन. आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे बाबूघाटावरून लाँचनंच गेले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “उणिवेत तुझ्या काकूंनी लिहिलंय, नदी दिसत नाही.”

एका वर्षी गणपतीत मराठी मंडळींनी नाटक बसवायचं ठरवलं. काकांनी बैठकीत नाटकाचे चार खण मांडले. उणिवेचा खण त्यांनी तिथल्या पाच-सहा बायकांकडून भरून आणला होता आणि तो वाचून दाखवताना त्यांचा चेहरा अगदी निरागस होता. “नायक बासष्ट वर्षांचा आहे आणि नायिकेला उचलण्याचा प्रवेश आहे.” नायक समोरच बसला होता. त्या वर्षी नाटक झालं नाही, भजनं झाली. नायक पुढे वर्षभर काकांशी बोलला नाही. काकांना त्याचं वाईट वाटलं, पण आपलं काय चुकलं ते मात्र कळलं नाही. खरं लिहिलं होतं ना, मग माणूस रागावला का? हा प्रश्न त्यांनी मला दोनदा विचारला.

मला तो राग समजत होता, कारण मीही एकदा रागावले होते.

तिसऱ्या वर्षी मला बढती आली. हावड्यापुढच्या एका गावातल्या शाखेत मॅनेजर म्हणून जायचं होतं. घर बदलायची गरज नव्हती, रोजचा प्रवास तेवढा वाढणार होता. मी मनात नकार पक्का केला होता. सगळ्यांना सांगत होते की प्रवास फार होईल, आई-बाबांकडे लक्ष देता येणार नाही, बंगाली अजून नीट येत नाही. काकांनी अर्थातच कागद पुढे केला. तीन खण मी भरले. उणिवेचा खण त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि एकच ओळ लिहिली, ‘हिला स्वतःची चूक झालेली चालत नाही.’

“ह्याचा बढतीशी काय संबंध?” मी म्हटलं.

“नसेलही,” ते म्हणाले. “आंघोळ करून ये.”

मी आंघोळ केली नाही. वर जाऊन दार लावून घेतलं. दोन दिवस खाली चहालाही गेले नाही. भाडेकरूच्या स्वभावावर शेरे मारायचा अधिकार ह्यांना कुणी दिला, असं मनात चाललं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाताना लक्षात आलं की प्रवास, आई-बाबा आणि बंगाली ही तिन्ही कारणं मी इतक्या वेळा सांगितली होती की ती पाठ झाली होती. शाखा सांभाळताना माझ्या हातून चूक होईल आणि ती सगळ्यांसमोर होईल, ह्याचीच मला भीती होती आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही. त्यांनी ते माझ्या आंब्याच्या लोणच्यावरून ओळखलं होतं, असं नंतर काकूंनी सांगितलं. लोणचं बिघडलं तेव्हा मी बरणी गुपचूप नेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर टाकून आले होते. काका गॅलरीत उभे होते.

मी बढती घेतली. पहिल्या वर्षात पुष्कळ चुका झाल्या आणि त्या सगळ्यांसमोरच झाल्या. शाखा चालत राहिली.

काकांच्या स्वतःच्या चार खणांची गोष्ट त्यानंतरची, माझ्या पाचव्या हिवाळ्यातली.

कारखान्याची कामं कमी होत चालली होती. जहाजांना आता स्टीलचे तयार सुटे भाग मिळत होते, पितळ कुणाला नको होतं. खिदिरपूरची दोन दुकानं बंद झाली. अशात एका गोदामवाल्यानं कारखान्याची जागा मागितली. माणूस सरळ होता, भाव ठीक होता, पंधरा दिवसांत होय किंवा नाही सांगा म्हणाला. काका अडुसष्ट वर्षांचे. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, सोडा आता ते. बंगळुरूला या.” काकांनी कारखान्यातून ड्रॉइंगचा मोठा कागद आणला, जेवणाचं टेबल भरून तो पसरला आणि तीन खण दोन दिवस भरत बसले. मग त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू मटार सोलत होत्या. मी समोरच बसून त्यांना मदत करत होते.

“उणीव भर,” काका म्हणाले.

काकूंनी हात पदराला पुसले, पेन घेतलं, त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या खणात एकच शब्द लिहिला आणि परत येऊन मटार सोलायला लागल्या. काकांनी वाकून वाचलं. मीही मान उंच करून वाचलं. लिहिलं होतं, ‘मालक.’

“हे काय?”

“दुसऱ्यानं भरायचा ना? भरला.”

“म्हणजे मी?”

“कारखान्याला दुसरा मालक असेल तर मला माहीत नाही.”

काका उठले आणि आंघोळीला गेले. सकाळची आंघोळ झालेली होती. बाहेर आल्यावर त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि “अक्षर चांगलं आहे तुझं” एवढंच म्हणाले. मग त्यांनी कागदाची गुंडाळी करून ती कपाटावर ठेवली. पुढचे तीन दिवस त्यांनी कशाचेही खण मांडले नाहीत. काकू माझ्यापाशी हळूच म्हणाल्या, “जास्त झालं का गं माझं?” मी म्हटलं, “खरं आहे का?” त्या म्हणाल्या, “खरं आहे म्हणूनच विचारतेय.”

चौथ्या दिवशी काका जिना चढून वर आले. ते वर कधी येत नसत.

“रविवारी माझ्याबरोबर हावड्याला येशील? तिच्या शब्दाची खात्री करून घ्यायचीय. मी विचारलं तर कामगार काही सांगणार नाहीत. तू विचार. मी बाहेर चहाच्या दुकानात बसतो.”

“काका, ते मला ओळखतही नाहीत.”

“म्हणूनच.”

रविवारी कारखाना बंद असतो, पण निरोप गेला होता, सातही जण आले होते. हेडमिस्त्री निताईदा अठ्ठावन्न वर्षांचे, तीस वर्षं तिथेच काम केलेले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी शंपा आली होती. तिनं पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला होता आणि एका ऑफिसात कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढायचं काम करत होती. मी लेथच्या बाजूला स्टुलावर बसले, कागदावर चार खण काढले आणि माझ्या मोडक्या बंगालीत, मध्ये मध्ये हिंदी घालत, समजावून सांगितलं की बाबूंना कारखान्याची उणीव जाणून घ्यायची आहे.

एकानं भट्टीवरची धूळ झटकली. मग निताईदांनी विचारलं, “नाव लिहिणार?”

“नाही.”

“मग लिहा. प्रत्येक बिजागरी बाबू स्वतः तपासतात. बाबू आजारी पडले की माल तसाच पडून राहतो. आम्हाला तपासता येत नाही असं नाही.”

एकानं सुरुवात केल्यावर बाकीचे बोलायला लागले. साचा बदलायचा तर बाबूंना विचारा. पॉलिशचा पट्टा बदलायचा तर बाबूंना विचारा. बाबू नाही म्हणत नाहीत, ते कागद काढतात आणि मग आठवडा जातो. बोलताना कुणाच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसे ते बोलत होते आणि त्यामुळे लिहिताना मला जास्तच अवघड वाटत होतं.

शेवटी शंपा पुढे आली. तिनं फोनमध्ये फोटो दाखवले. जुन्या घरांच्या दारांचे, खिडक्यांचे, पितळी कड्या आणि बिजागऱ्या तुटलेल्या. उत्तर कोलकात्यातली जुनी घरं दुरुस्त करून देणारी काही माणसं होती, त्यांना जुन्यासारख्याच नव्या बिजागऱ्या हव्या होत्या, पितळेच्या, ओतलेल्या, हातानं घासलेल्या. तिनं आठ महिन्यांपूर्वी काकांना हे सांगितलं होतं.

“मग काका काय म्हणाले?”

“कागद काढला,” ती म्हणाली. “धोक्यात लिहिलं. म्हणाले, घर म्हणजे जहाज नाही, आपल्याला त्यातलं कळत नाही.”

निघताना निताईदा दारापर्यंत आले. “दीदी, गोदामाला एक वॉचमन लागतो,” ते म्हणाले. “आम्ही सात आहोत. हे लिहायचं तर कुठल्या खणात लिहिणार?”

परतीच्या लाँचवर मी कागद वाचून दाखवला. काही ओळी सौम्य करून वाचाव्यात असं फार वाटलं, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांना कळलं असतं. सगळं ऐकून घेईपर्यंत लाँच नदीच्या मध्यावर आली होती. काका कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं आता ते काही विनोद करतील.

“शंपा चार वर्षं बापाचा डबा घेऊन यायची,” ते म्हणाले. “मी दर वेळी विचारायचो, कशी आहेस, परीक्षा कशी गेली. तिला काय येतं ते मी कधी विचारलंच नाही. डिप्लोमा झाल्याचे पेढे खाल्ले मी तिचे.”

लाँच धक्क्याला लागल्यावर उतरताना त्यांनी माझा हात धरला. पूर्वी कधी धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि संध्याकाळी निताईदांच्या घरी गेले, काकूंना बरोबर घेऊन. शंपाला म्हणाले, कारखाना तू चालव. ती लगेच हो म्हणेल अशी त्यांची समजूत होती. ती म्हणाली, “विचार करून सांगते.” चार दिवसांनी तिनं होकार कळवला, पण एक अट घातली. सहा महिने बाबूंनी कारखान्यात यायचं नाही. शनिवारी संध्याकाळी ती स्वतः येऊन काय झालं ते सांगेल.

“सहा महिने!” काका मला म्हणाले. “माझ्या लग्नालासुद्धा मी कारखाना दोनच दिवस बंद ठेवला होता.”

ते सहा महिने आम्हा तिघांना जड गेले. काकांनी घराचे चार खण मांडले, स्वयंपाकघराचे मांडले, शेजारच्या आंब्याचे मांडले. काकूंनी एकदा वैतागून सगळे कोरे कागद उचलून माझ्या खोलीत आणून ठेवले. शनिवारी शंपा यायची, चहा घेत आठवड्याचं सांगायची आणि काका पाठीमागे हात बांधून ऐकायचे. तोंड उघडायचा मोह झाला की ते उठून गॅलरीत जायचे. एकदा तर पंधरा मिनिटांत चारदा गेले.

दुसऱ्या महिन्यात पहिला माल परत आला. बिजागऱ्या सुरेख झाल्या होत्या, पण चकचकीत. जहाजाला चकचकीत लागतात, दीडशे वर्षांच्या दाराला त्या शोभेनात. शंपानं हे शनिवारी सांगितलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती एवढंच म्हणाली, “माझ्या लक्षात यायला हवं होतं.” ह्या वेळी काका गॅलरीत गेले नाहीत. “होतं असं,” म्हणाले आणि तिला आणखी चहा दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी शाखेतून परतत होते. लाँचमधून बाबूघाटाला उतरले, सहा वाजले असतील. तिकिटाच्या खिडकीपासून थोडे बाजूला काका उभे होते. हातात तिकीट. समोरून हावड्याची लाँच सुटली, तरी ते हलले नाहीत.

“काका?”

“ही दुसरी सोडली,” ते म्हणाले. “पितळ काळपट कसं करायचं ते मला येतं. माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. दहा मिनिटांचं काम आहे. जातो, दाखवतो आणि परत येतो.”

“मग जा ना.”

“गेलो तर सगळे हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतील. तीसुद्धा. आणि मग उद्यापासून पुन्हा सगळं मलाच विचारतील.” त्यांनी तिकीट बोटांत फिरवलं. “हे मला फार कठीण जातंय गं.”

तिथे मुरीवाला, म्हणजे कुरमुरेवाला, बसला होता, कागदाचे दोन ठोंगे घेतले आणि आम्ही पायऱ्यांवर बसून खाल्ले. कांदा तिखट होता. तिसरी लाँच आली आणि गेली. काकांनी तिकिटाची बारीक घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, “चल, घरी जाऊ. तुझी काकू शोधत असेल.”

त्या शनिवारी शंपानं आपणहून विचारलं, “बाबू, पितळेवर जुना रंग कसा आणायचा? आम्ही तीन प्रकारे करून पाहिलं, दोन फसले, एक जमलाय असं वाटतंय.” तिनं पिशवीतून बिजागरी काढून टेबलावर ठेवली. काकांनी ती उचलली, उजेडात नेली, उलटसुलट केली, बोटानं घासली.

“माझ्या वडिलांची पद्धत वेगळी होती,” ते म्हणाले. “पण ही जास्त चांगली आहे.”

तो माल घेतला गेला. त्यानंतर आणखी कामं आली. सहा महिने पुरे झाल्यावर एका रविवारी आम्ही चौघं, काका, काकू, शंपा आणि मी, बागबाजारला एक घर बघायला गेलो. तिथल्या मोठ्या दाराला कारखान्याच्या आठ बिजागऱ्या बसवल्या होत्या. घराच्या मालकीणबाई म्हाताऱ्या होत्या, त्यांनी कौतुकानं दार उघडून दाखवलं. मग काकांनी उघडलं, लावलं, कान देऊन ऐकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दहा-बारा वेळा झाल्यावर बाई काकूंना म्हणाल्या, “ह्यांना आत यायचंय की बाहेर जायचंय?” काकू इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

पुढच्या वर्षी माझी बदली नाशिकला झाली. निरोपाच्या दिवशी काकांनी डोळे पुसले नाहीत की कागद काढला नाही. मला बाबूघाटाला नेऊन एकदा नदीपार आणि परत असं फिरवून आणलं आणि स्टेशनवर सोडलं.

गेल्या डिसेंबरात मी ऑफिसच्या कामासाठी कोलकात्याला गेले, तेव्हा काकूंनी फोनवर सांगितलं की ते हावड्याला असतील, तिकडेच जा. काका आता आठवड्यातून दोन दिवस कारखान्यात जातात. मी पोचले तेव्हा आतून आवाज येत होते. काका काहीतरी ठासून सांगत होते, कुठल्याशा मोठ्या हॉटेलचं काम घ्यावं, असं चांगलं काम पुन्हा मिळणार नाही. मध्येच शंपाचा आवाज आला, शांत पण ठाम. “ना, बाबू. हे काम आपण घ्यायचं नाही. त्यांना तीन आठवड्यांत हवंय, घाईत माल बिघडेल. मी त्यांना कळवलंय.”

मग लेथ पुन्हा सुरू झाला.

काका बाहेर आले. मी दारात उभी आहे हे बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, की मी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ चहाच्या दुकानाकडे ओढत नेलं. दुकानात पाच-सहा माणसं बसली होती, तीही त्यांनी बघितली नाहीत.

“ऐकलंस तू?” ते म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराच्या बापासारखा झाला होता. “नाही म्हणाली मला! सरळ तोंडावर!” आणि मग दुकानातल्या सगळ्यांकडे वळून, पुन्हा एकदा, बंगालीत.